मुलाला मेंटेनन्सच्या कामाला लावावे का?

आयटीआयमधून फिटर किंवा इलेक्ट्रिशियन झालेल्या मुलाने कारखान्यातील मेंटेनन्स विभागात जावे का, आणि गेल्यास पुढे वाढ आहे का, हे पालक मला वारंवार विचारतात. तुम्हीही विचारलेत म्हणून सविस्तर लिहितो. बिघाडाचे कारण शोधल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, अशा मुलाने या कामात अवश्य यावे, असे माझे मत आहे.

सुटा भाग बदलणे लवकर जमते. 6205 क्रमांकाच्या बेअरिंगचा आतील व्यास 25 मिलिमीटर असतो, कारण शेवटच्या 05 ला पाचाने गुणायचे असते, हे पहिल्या काही दिवसांतच कळते. खरे कौशल्य लागते ते तेच बेअरिंग थोड्याच काळात पुन्हा आवाज करू लागते तेव्हा. अशा वेळी जुने बेअरिंग भंगारात न टाकता कापून, पुसून पाहावे लागते. गोळ्या ज्या खाचेतून फिरतात, तिच्यावर समान अंतरावर बारीक आडव्या रेषा उमटलेल्या दिसल्या, तर दोष ग्रीसचा नसून बहुधा मोटरला जोडलेल्या व्हीएफडीमुळे (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणामुळे) शाफ्टमधून, म्हणजे मोटरच्या फिरत्या दांड्यातून, बेअरिंगमार्गे वाहणाऱ्या विजेचा असतो, आणि मग शाफ्टला अर्थिंगचा ब्रश बसवावा लागतो किंवा इन्सुलेटेड बेअरिंग घालावे लागते. हे निदान केवळ फिटरचे किंवा केवळ इलेक्ट्रिशियनचे नाही. दोन्ही समजणारा माणूस ते करतो. म्हणूनच फिटरने पीएलसी (यंत्र आपोआप चालवणारा छोटा संगणक) आणि सेन्सर, तर इलेक्ट्रिशियनने अलाइनमेंट (मोटर आणि यंत्राचे शाफ्ट एका रेषेत आणणे) शिकावे, असा माझा आग्रह असतो. वाढ आहे ती याच वाटेने.

त्रास नाही असे मुळीच नाही. रात्रपाळी चुकत नाही, आणि दिवाळीत उत्पादन बंद असते तेव्हाच मोठी दुरुस्ती निघत असल्यामुळे सण बहुतेकदा कारखान्यातच जातो. अनेकांची सुरुवात कंत्राटी नोकरीने होते आणि कायम होण्याची खात्री नसते, हे मला अन्यायाचे वाटते.

ॲप्रेंटिसशिपसाठी कारखाना निवडताना मानधनाइतकीच आणखी एक चौकशी करावी: यंत्रात हात घालण्यापूर्वी तिथे आयसोलेटरला (यंत्राची वीज तोडणाऱ्या स्विचला) प्रत्येकाचे स्वतःचे कुलूप लागते का, आणि त्याची किल्ली त्याच्याच खिशात राहते का? उत्तर नकारार्थी असेल, तर मुलाला तिथे पाठवू नये.