हजेरीपटातली संभाव्यता

दहावीच्या गणितात संभाव्यतेचा धडा आहे. त्यातल्या गणितांमधली मुलं मोठी गुणी. वर्गात 60 जण, त्यांतले 28 क्रिकेट खेळतात, 20 खो-खो आणि 8 दोन्ही. डोळे मिटून एकाचं नाव काढलं, तर तो काहीच न खेळणारा निघण्याची संभाव्यता किती? 28 आणि 20 मिळून 48, त्यातून दोनदा मोजलेले 8 वजा, राहिले 40. म्हणजे 20 जण नुसते बसून. 20 भागिले 60, एक तृतीयांश. मार्क खिशात! अट एकच, सगळ्या निष्पत्ती समसंभाव्य हव्यात, म्हणजे प्रत्येकाचं नाव निघण्याची शक्यता सारखीच हवी.

इथेच घोडं पेंड खातं. आमचे सर फळ्यावर बोलवायचे ते तारखेवरून. "आज किती तारीख? बारा? चला, बारा नंबर." बारा नंबर चुळबुळत उभा राहिला, की तेराच्या पोटात गोळा, कारण उद्याची पाळी त्याचीच असे. हजेरीपट आडनावांच्या क्रमानं. त्यामुळे कदम, काळे, गायकवाड, चव्हाण महिनाभर टांगणीला आणि शिंदे, सावंत मागे निवांत वहीत चित्रं काढताहेत. महिन्याला बत्तीसावी तारीखच नसते! 60 मुलांचा वर्ग, पण नमुना अवकाश, म्हणजे ज्यांचा नंबर लागू शकतो त्यांची यादी, 31 जणांचीच. त्यातही एकतिसावा भाग्यवान. वर्षात सातच महिने त्याचे, त्यातला मे सुट्टीत जाणार, शिवाय एखादी एकतीस रविवारी येणार. बदली होऊन आलेल्यांची मुलं वर्षाच्या मध्येच दाखल होत आणि पटावर शेवटी चढत. एवढं अभय मंत्र्याच्या मुलालाही मिळालं नसतं.

वाढदिवसांचं गणित तर याहून मजेशीर. 23 जण जमले, की कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची संभाव्यता निम्म्याहून जास्त होते. 60 जणांत ती 99 टक्क्यांच्याही वर जाते. अर्थात वर्षाचे सगळे दिवस समसंभाव्य धरून. आमच्या वडिलांच्या पिढीत गुरुजींनी हा हिशेब केव्हाच निकालात काढला होता. पोर शाळेत घालायला आणलं, जन्मतारीख कुणाला ठाऊक नाही, शाळा जूनमध्ये सुरू होणार. लिहा 1 जून. मग वर्गात दोघं कसले, आख्खा बाक एकाच दिवशी जन्मलेला!

अजूनही 1 जूनला आमच्या घरच्या ग्रुपवर सकाळपासून केकची चित्रं पडतात. काका सगळ्यांना हात जोडतात, आत्या मात्र दरवर्षी लिहिते, "मी पोळ्याची आहे, तेव्हा पुन्हा द्या."