तिसरी प्लेटही पिवळीच

पीएचडीचं दुसरं वर्ष मी विस्टार या प्रयोगशाळेतल्या जातीच्या उंदरांच्या पिल्लांच्या अंडाशयात इस्ट्रोजेन शोधण्यात घालवलं. परवानगी समितीचे कागद वगैरे भाग सोडूनच देते. घाम फुटला तो मायक्रोस्कोपखाली.

दोन दिवसांचं पिल्लू. आधी मादी कोणती तेच कळत नाही. गुदद्वार आणि पुढचा उंचवटा यांतलं अंतर मादीत कमी, म्हणून दोन पिल्लं शेजारी धरून बघायची. अंडाशय खसखशीच्या दाण्याएवढं, पातळ पिशवीत गुंडाळलेलं, भोवती चरबी. ती पिशवी इन्सुलिनच्या सुईने फाडायची. पहिल्या आठवड्यात दोनदा मी चरबीचा कणच मोठ्या काळजीने कल्चरमध्ये, म्हणजे पोषक द्रवात, ठेवला! चिमट्याला चिकटून हरवलेल्यांचा हिशेब नाही.

मग एलायझा, म्हणजे रंगावरून हार्मोन मोजायची चाचणी. आमच्या किटमध्ये रंग जितका गडद, तितकं हार्मोन कमी. शेवटी आम्ल घातलं की सगळी प्लेट, म्हणजे नमुन्यांचे छोटे कप्पे असलेली थाळी, हळदीसारखी पिवळीधमक. इस्ट्रोजेन जवळपास नाहीच. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदाही. किट बदललं, पिपेट तपासून घेतलं, गाइड मॅडमसमोर जायचं टाळलं. पिल्लांच्या रक्तातलं इस्ट्रोजेनही मोजत होते, ते आकडे मात्र वेडेवाकडे. या वयात पिल्लांच्या रक्तात अल्फा-फीटोप्रोटीन नावाचं प्रथिन भरपूर असतं आणि उंदरात ते इस्ट्रॅडायॉलला, म्हणजे मुख्य इस्ट्रोजेनला, घट्ट धरून ठेवतं. हार्मोन आधी ईथरने वेगळं काढल्याशिवाय त्या आकड्यांना अर्थ नाही, हे मला उशिरा कळलं.

शेवटी मॅडमनीच गाठलं. म्हणाल्या, "अगं, कच्चा माल कुठून येणार?"

इस्ट्रोजेन दोन प्रकारच्या पेशी मिळून करतात. फॉलिकलच्या, म्हणजे अंडपेशीभोवतीच्या पिशवीच्या, बाहेरच्या थीका पेशी एलएच या पिट्युटरी ग्रंथीच्या हार्मोनमुळे अँड्रोजेन (टेस्टोस्टेरॉनसारखी हार्मोनं) बनवतात. आतल्या ग्रॅन्युलोसा पेशी एफएसएच या पिट्युटरीच्याच दुसऱ्या हार्मोनच्या जोरावर, अ‍ॅरोमटेज नावाचं एन्झाइम वापरून, त्याचं इस्ट्रोजेन करतात. उंदरात फॉलिकल जन्मानंतरच्या दोन-तीन दिवसांत नुकत्याच आकार घेत असतात. थीकाचा थर अजून नसतोच, मग अँड्रोजेनचा कच्चा माल कुठला? पाठ्यपुस्तकातली ही आकृती एमएस्सीला मी किती वेळा काढली असेल!

मग बारा दिवसांची अंडाशयं घेतली. काही कप्प्यांत टेस्टोस्टेरॉन आणि एफएसएच दोन्ही, काहींत नुसतं पोषक माध्यम. आम्ल घालताना हात थरथरत होता. नुसत्या माध्यमाचे कप्पे पिवळेच, दोन्ही घातलेले जवळजवळ पाण्यासारखे. मी आधी फोटो काढला, मग प्लेट रीडरमध्ये ठेवली.

रक्ताचं काम अजून बाकी आहे. ईथरच्या वासाने डोकं धरतं, म्हणून ते सकाळीच, चहाच्या आधी उरकते.