तुम्ही विचारलंत म्हणून: फुगतं हे माहीत होतं, मग पोलादच का?

“पोलाद फुगतं हे तुम्हा लोकांना माहीत होतं ना? मग अणुभट्टीत तेच का घातलंत?” भाच्याच्या साखरपुड्यात एका काकांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ते जेवायला गेले. वीस वर्षं हेच चाललंय. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

तारापूरबद्दल मी बोलत नाहीये. तिथे इंधनाच्या नळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या, पाणी 300 अंशांच्या आसपास. तिथे हा प्रश्न असा उभाच राहत नाही. मी बोलतेय ते वेगवान न्यूट्रॉनवर चालणाऱ्या फास्ट भट्टीबद्दल, तमिळनाडूत कल्पाक्कमला आहे तशी, जिच्यात उष्णता वाहून न्यायला पाण्याऐवजी द्रव सोडियम खेळतो.

आणि “माहीत होतं” हे अर्धंच खरं आहे. स्कॉटलंडमधली डाउनरेची भट्टी 1959 साली सुरू झाली. तिच्यातल्या स्टेनलेस स्टीलमध्ये पोकळ्या सापडल्याचं कॉथॉर्न आणि फुल्टन यांनी छापलं 1967 मध्ये. ज्यांनी ती भट्टी बांधली त्यांना कोणत्या तोंडाने दोष द्यायचा? पण कल्पाक्कमची चाचणी भट्टी 1985 मध्ये सुरू झाली तेव्हा सगळ्यांना माहीत होतं, हेही मला मान्य करावंच लागतं.

होतं असं की वेगवान न्यूट्रॉन अणूला जागेवरून उडवतो. एक रिकामी जागा राहते, एक अणू उपरा होतो. बहुतेक जोड्या पुन्हा जुळतात. पण स्फटिकातले दोष उपऱ्या अणूंना किंचित जास्त ओढून घेतात, रिकाम्या जागा शिल्लक उरतात आणि एकत्र येऊन त्यांची पोकळी होते. आम्ही तिला व्हॉइड म्हणतो. बाहेरून काहीही आत येत नाही. वजन तेच, आकार मोठा. साधारण 400 ते 600 अंशांत हे जोरात चालतं, आणि भट्टीला काम करायचं असतं ते नेमकं तिथेच. आकारमान 10% वाढलं तर प्रत्येक बाजू 3 टक्क्यांहून थोडी जास्त वाढते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण इंधनाच्या जुड्या ज्यांत असतात त्या पोलादी षटकोनी नळ्या एकमेकींना जवळजवळ खेटून उभ्या असतात, आणि जी बाजू जास्त फुगते ती नळीला वाकवते.

आता माझी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय माझ्या उत्तराला अर्थ नाही.

कामाचं दुसरं वर्ष. टायटॅनियम घातलेल्या पोलादाचे नमुने, भट्टीतल्या न्यूट्रॉनऐवजी निकेलच्या आयनांचा, म्हणजे विद्युतभारित अणूंचा, मारा केलेले, अर्धा भाग मुखवट्याखाली झाकलेला. मी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली चार दिवस बसले. प्रतिमा लख्ख फोकसमध्ये होती, मला तिचा अभिमान होता. अहवालात लिहिलं: व्हॉइड नाहीत. त्या वाक्यावर विसंबून दुसऱ्या गटाने त्याच घडणीचा पुढचा लॉट वितळवायला दिला.

तीन महिन्यांनी त्याच नमुन्यांवरून कुणीतरी प्रोफाइलोमीटरची, म्हणजे पृष्ठभागाचा चढउतार मोजणाऱ्या यंत्राची, सुई फिरवली. झाकलेल्या भागाकडून उघड्या भागाकडे जाताना सुई चढली. जेमतेम 15 नॅनोमीटर, पण प्रत्येक नमुन्यावर चढली. म्हणजे उघडा भाग फुगला होता. सर माझ्या शेजारी येऊन बसले. काही न बोलता त्यांनी फोकसची खुंटी किंचित खाली नेली, आणि त्या स्वच्छ राखाडी पडद्यावर पांढरे ठिपके उगवले, प्रत्येकाभोवती काळी कड. खुंटी जागेवर आणली, ठिपके गेले. पलीकडे नेली, तेच ठिपके काळे झाले. पाच-सहा नॅनोमीटरचे व्हॉइड अचूक फोकसमध्ये जवळजवळ लपतात. हे मी वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. सर म्हणाले, “आता मोज.” त्या एका फोटोत 312 भरले. पुढच्या बैठकीत उभं राहून मी अहवाल मागे घेतला. लॉट तोवर ओतून झाला होता.

तेव्हाची मी अजूनही भांडते: मला दिसलं तेच मी लिहिलं. मी तिला सांगते, “दिसले नाहीत” असं लिहायचं होतंस, “नाहीत” असं लिहिलंस. ती ऐकत नाही. मलाही रोज पटतंच असं नाही.

तर पोलाद का? कारण त्या तापमानाला झिर्कोनियम नरम पडतं, आणि सोडियममध्ये टिकणारं, वेल्ड होणारं, नळी ओढता येणारं दुसरं काही आमच्या हाताशी नव्हतं. 20% कोल्ड वर्क केलं, म्हणजे न तापवता ओढून-दाबून घट्ट केलं, टायटॅनियम घातलं. त्याने फुगणं लांबलं, थांबलं नाही. एकदा सुरू झालं की ऑस्टेनिटिक पोलाद, म्हणजे हेच स्टेनलेस स्टील, प्रत्येक डीपीएमागे, म्हणजे प्रत्येक अणू सरासरी एकदा जागेवरून उडाला की, सुमारे 1% फुगत जातं. 9% क्रोमियमचं फेरिटिक पोलाद, ज्याची स्फटिकरचना वेगळी असते, फारच कमी फुगतं, पण 550 अंशांच्या वर त्याची ताकद ढासळते. काका, निवड या दोन्हींमधली होती.

आणि ज्या आयनांच्या जोरावर मी हे सगळं बोलते, ते भट्टीतली कित्येक महिन्यांची मारझोड काही तासांत करतात. एवढ्या घाईत फुगण्याचा तापमानाचा पट्टाच वर सरकतो. तेव्हा ते 312 ठिपके भट्टीतल्या पोलादाबद्दल नेमकं किती सांगत होते? गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीने हेच विचारलं. मी फळ्यावर एक आलेख काढला, तिच्यासमोरच पुसला, आणि आम्ही दोघी पुन्हा पहिल्यापासून बसलो.