कॅथरिन केनेडीची मुलं

मॅनलापनला आमच्या घरापासून दहा मिनिटांवर एक टेकडी आहे. तिच्यावर 1751 साली बांधलेलं पांढरं लाकडी चर्च उभं आहे: ओल्ड टेनेंट चर्च. न्यू जर्सीत आल्यापासून मी त्यावरून शेकडो वेळा गेले असेन. जून 1778 मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातली मॉनमथची लढाई जवळच झाली आणि जखमी सैनिकांना इथे आणून ठेवलं होतं, एवढंच मला ठाऊक होतं. माझे आजोबा प्रेसबिटेरियन मंडळीचे, म्हणजे बिशप न मानणाऱ्या, पाळक आणि वडिलांच्या सभांनी चालणाऱ्या पंथाचे, पाळक. म्हणून एका रविवारी सहज उपासनेला गेले, आणि मधल्या वाटेखाली एक पाळक पुरलेले आहेत हे कळलं. तिथून मी टेनेंट घराण्यात जी शिरले, ती दोन वर्षं बाहेर आलेली नाही.

घराण्याचा मूळपुरुष थोरले विल्यम टेनेंट. जन्म 1673, शिक्षण एडिंबरोला. 1704 मध्ये ते आयर्लंडच्या प्रस्थापित, म्हणजे राज्यमान्य, चर्चमध्ये डीकन (खालच्या पायरीचे पाळक) झाले, 1706 मध्ये प्रीस्ट, म्हणजे बिशपांच्या हाताखाली. याच 1704 साली तिथे कायदा आला, की सरकारी हुद्दा हवा असेल तर प्रस्थापित चर्चच्या रीतीने प्रभुभोज घ्यायचा. प्रेसबिटेरियन लोकांसाठी दारं बंद झाली. विल्यम दाराच्या आत होते. मग 1718 मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, बायको, चार मुलगे आणि मुलगी एलिनॉर यांना घेऊन ते फिलाडेल्फियाला का उतरले?

त्या सप्टेंबरात ते फिलाडेल्फियाच्या सिनॉडपुढे, म्हणजे प्रेसबिटेरियन पाळक आणि वडिलांच्या सभेपुढे, उभे राहिले आणि जुनं चर्च सोडण्याची कारणं त्यांनी लिहून दिली. बिशप, आर्चबिशप, आर्चडीकन, चॅन्सेलर ही सगळी उतरंड पवित्र शास्त्राला धरून नाही. बिशप वार्षिक भेटीला येतात आणि बाकी पाळकांना न विचारता कारभार करतात. एकच माणूस अनेक मंडळ्यांचं उत्पन्न खातो. सिनॉडने ही कारणं आपल्या वहीत उतरवून ठेवली आणि अध्यक्षांना सांगितलं, की यांना या नव्या मार्गावर स्थिर राहण्याचा गंभीर बोध करा. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला! पण मला हे आवडतं. आमच्याकडेही बाहेरून आलेल्या पाळकाला वडीलमंडळी अशीच आधी पारखून घ्यायची.

कारणांच्या त्या यादीत एक नाव नाही, आणि मला वाटतं सगळ्यात मोठं कारण तेच आहे. 1702 मध्ये विल्यमनी कॅथरिन केनेडीशी लग्न केलं होतं. तिचे वडील गिल्बर्ट केनेडी हे काउंटी डाउनमधल्या डंडॉनल्डचे प्रेसबिटेरियन पाळक. पुढच्याच वर्षी पहिला मुलगा झाला, त्याचं नाव गिल्बर्ट. नवरा बिशपांच्या चर्चकडे निघालेला आणि पाळण्यात प्रेसबिटेरियन आजोबांचं नाव. याचा लेखी पुरावा माझ्यापाशी नाही, पण पाळकाच्या घरात वाढलेल्या बाईला विचाराल तर ती सांगेल, तिथे कुणाचा विश्वास कुणाला ओढून नेतो ते. माझी आजी उपदेश करायला कधी उभी राहिली नाही, पण आजोबांचा प्रत्येक उपदेश आधी तिच्यापुढे व्हायचा.

न्यूयॉर्ककडे ईस्टचेस्टर आणि बेडफर्ड इथे काही वर्षं काढून हे कुटुंब पेनसिल्व्हेनियात नेशॅमिनीला आलं. पेनसिल्व्हेनिया वसवणाऱ्या विल्यम पेनच्या कारभाऱ्याने, जेम्स लोगनने, त्यांना पन्नास एकर जमीन दिली. तो टेनेंटांचा नातलगच होता. तिथे विल्यमनी ओंडक्यांचं एक घर बांधलं, सुमारे वीस फूट लांब, जवळजवळ तितकंच रुंद, आणि त्यात पाळक घडवायला सुरुवात केली. विरोधकांनी त्याला हिणवून ‘लॉग कॉलेज’ म्हटलं, तेच नाव राहिलं. न्यू इंग्लंडची किंवा युरोपची पदवी नसलेल्या उमेदवाराची परीक्षा सिनॉड घेईल, असा ठराव 1738 मध्ये झाला तो या ओंडक्यांच्या घराकडे बघूनच.

नोव्हेंबर 1739 मध्ये प्रसिद्ध उपदेशक जॉर्ज व्हाइटफील्ड तिथे आले. म्हाताऱ्या पतिपत्नींकडे बघून त्यांनी रोजनिशीत लिहिलं, ही मला अलीशिबेसारखी वाटली आणि हे जखऱ्यासारखे, म्हणजे बायबलमधल्या त्या म्हाताऱ्या, धार्मिक जोडप्यासारखे. कॅथरिन मला भेटली ती या एका ओळीत.

चारही मुलगे पाळक झाले. गिल्बर्ट सगळ्यात तापट. मार्च 1740 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या नॉटिंगहॅमला त्याने नवा जन्म न झालेल्या, म्हणजे मन खरोखर न पालटलेल्या, पाळकांच्या धोक्याबद्दल उपदेश केला आणि 1741 मध्ये सिनॉडच दुभंगलं. पुढे हाच गिल्बर्ट एकीसाठी लिहू लागला. 1758 मध्ये दोन्ही बाजू परत एकत्र आल्या तेव्हा एक झालेल्या सिनॉडचं अध्यक्षपद त्यालाच मिळालं. चार्ल्स डेलावेअरमध्ये पाळक होता. जॉन चोविसाव्या वर्षी, 1732 मध्ये गेला. त्याची कबर मार्लबरोच्या ओल्ड स्कॉट्स दफनभूमीत आहे. मी गेले तेव्हा पाऊस होता, आणि त्या सपाट दगडावर हात ठेवून मी बराच वेळ उभी राहिले.

जॉनच्या जागी आला धाकटा विल्यम, आमच्या टेकडीचा पाळक. त्याची गोष्ट या भागात अजून सांगतात. न्यू ब्रन्सविकला गिल्बर्टपाशी शिकत असताना, भावाशी लॅटिनमध्ये बोलता बोलता तो कोसळला. अंग थंड, ताठ. अंत्यविधीची तयारी झाली. फक्त एक डॉक्टर मित्र हट्टाने थांबा, थांबा म्हणत राहिला. तिसऱ्या दिवशी विल्यमने डोळे उघडले. मला अंगावर काटा येतो तो त्याच्या पुढच्या प्रसंगाने. बरा होत असताना एका रविवारी बहीण बायबल वाचत बसली होती. त्याने विचारलं, तुझ्या हातात काय आहे? बायबल, ती म्हणाली. बायबल म्हणजे काय? सगळं विसरला होता, अक्षरंसुद्धा. बहीण रडत गिल्बर्टकडे गेली. मग अक्षरओळखीपासून परत शिकवणी सुरू झाली, आणि एक दिवस लॅटिनचा धडा म्हणताना डोक्याला झटका बसल्यासारखं झालं. हळूहळू सगळं आठवू लागलं. ही हकिकत त्याला ओळखणाऱ्या इलायस बूडिनॉटने लिहून ठेवली आहे.

या विल्यमच्या बायकोचं नावही कॅथरिनच. 8 मार्च 1777 रोजी तिचा नवरा वारला आणि त्याला चर्चच्या आत पुरलं. तिचा मुलगा, तिसरा विल्यम, साउथ कॅरोलायनात चार्ल्सटनला पाळक होता. विधवा आईला आपल्याकडे न्यायला तो आला आणि ऑगस्टमध्ये, परतीच्या वाटेवर, सँटीच्या टेकड्यांत तापाने गेला. आई बरोबर होती.

या रविवारी मी वही घेऊन मागच्या बाकावर बसले होते. माझ्याकडच्या सगळ्या वंशावळी थोरल्या विल्यमपासून सुरू होतात. मी नवं पान घेतलं, वर गिल्बर्ट केनेडी लिहिलं, त्याखाली कॅथरिन, आणि मग बाकीचे सगळे तिच्याखाली भरत गेले. उपासना सुरू झाली तेव्हा एलिनॉरपर्यंत पोचले होते.