पाच लाख किलोमीटर पळालेला ट्रक घ्यावा का?

‘सहाचाकी बघितलीय, पाच लाख किलोमीटर झालेत, मालक 9 लाखांच्या खाली उतरत नाही. घेऊ का?’ तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो.

किलोमीटरला घाबरू नका. मीटर मागे फिरवता येतो, आणि खरा असला तरी पाच लाख हायवेचे आणि पाच लाख खाणीतले यांत जमीन-अस्मानाचा फरक. आधी चेसिस, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा बघा. इंजिन नव्याने बांधता येतं. तडकलेली चेसिस मात्र वेल्डिंग करूनही भरल्या मालाखाली पुन्हा तिथेच, नाहीतर वेल्डच्या शेजारी उघडते. डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं घेऊन गाडीखाली शिरा. मागचे पाटे (स्प्रिंगा) चेसिसला जिथे धरलेत, तिथली माती पुसा. केसाएवढी रेघ, तिच्यातून उतरलेला गंज किंवा तेवढ्याच जागी ताजा काळा रंग दिसला, तर परत फिरा. तिथे भाव पाडून मागण्यातही अर्थ नाही.

इंजिनासाठी सकाळी जा आणि गाडी सुरू करून ठेवू नका असं आदल्या दिवशीच बजावा. सायलेन्सर गरम लागला तर दुसऱ्या दिवशी या. थंडपणी रेडिएटरचं झाकण काढा; पाण्यावर तेलाचा तवंग म्हणजे हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर गेलाय. मग दहा मिनिटं चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा आणि तिथेच उलटं ठेवा. नुसतं थरथरलं तर ठीक. उडून पडलं आणि भोकातून धूर ठोके देत बाहेर येऊ लागला, तर पिस्टन रिंगा आणि लायनर झिजलेत. इंजिनकामाचे पैसे बाजूला काढा.

आता भाव. 22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. जुन्याची किंमत सांगणारा त्याआधीचा शोरूमचा भाव धरून बोलतोय का, ते आधी विचारा. मग हिशेब मांडा. समजा मागणी 9 लाख. इंजिन सव्वा लाख, सहा टायर 1 लाख, क्लच-ब्रेक 35 हजार, कागद 40 हजार. गाडी पडली 12 लाखांना. पाच वर्षांनी 3 लाखांना गेली, तर महिन्याला 15 हजार झिजली. तशीच नवी 18 लाखांची, दहा वर्षांनी 4 लाखांना विकली, तर महिन्याला 11,700 च्या आत. नव्याच्या कर्जावर व्याजाची रक्कम मोठी, जुन्याच्या कर्जाला दर जास्त, दोन्ही मिळवा. जुनी गाडी गॅरेजला उभी राहील ते दिवसही धरा. रोज पळवायची असेल तर या भावात जुनी परवडत नाही. फक्त उसाच्या हंगामात चार महिने लावायची असेल, तर मात्र जुनीच बरी. वर्षभर नव्याचे हप्ते कोण भरणार?

चेसिस नंबर आरसीशी स्वतः ताडा. आठ वर्षांनंतर फिटनेस दरवर्षी करावा लागतो, त्याची मुदत आणि थकलेली ई-चलनं बघा. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर फायनान्सवाल्यांची एनओसी, बोजा उतरवायचा सही केलेला फॉर्म 35 आणि गाडी नावावर करायचे, मालकाच्या सहीचे फॉर्म 29, 30 हातात पडेपर्यंत टोकनपलीकडे एक रुपया देऊ नका.