काळा डोंगर, पांढरी वाळू

मूरेआ, सोमवार, रात्र

पापीतेहून बोट सुटली तेव्हा समोरचे सुळके ढगांत बुडालेले होते. दक्षिण पॅसिफिकमधल्या ताहिती बेटापासून मूरेआ बेट जेमतेम 17 किलोमीटर. वायारेचा धक्का जवळ येता येता ढग वर सरकले आणि मी रेलिंगला धरून नुसती बघत राहिले. सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला हा दगड ओळखू येतोच. बसाल्ट, थिजलेला लाव्हा. काळा, उभा, जिथे मूठभर माती धरली तिथे हिरवा. इथलं सर्वांत उंच शिखर तोहिवेआ, 1,207 मीटर. आपली कळसूबाई 1,646 मीटर, म्हणजे उंचीने मोठी. पण हा डोंगर थेट समुद्रातून उठतो आणि मान वर करकरून दुखते.

दगड तोच, वय मात्र फार वेगळं. दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तर मूरेआचा ज्वालामुखी वीस लाख वर्षांच्या आतबाहेरचा. त्याची उत्तरेकडची बाजू ढासळून, झिजून गेली आणि उरलेल्या कडेचे हे सुळके झाले. त्यातल्या मोआपुता शिखराच्या माथ्याजवळ आरपार भोक आहे. चोरांचा देव हिरो एका रात्री इथला रोतुई डोंगर पळवायला आला होता, तेव्हा पाई नावाच्या वीराने ताहितीवरून भाला फेकला आणि तो या शिखरातून आरपार गेला, अशी कथा आहे. आवाजाने कोंबडे जागे झाले आणि हिरोला पळावं लागलं. डोंगर चोरीला जाऊ शकतो असं ज्यांना वाटलं, त्या लोकांचं डोंगरावर किती प्रेम असेल!

संध्याकाळी तेमाएच्या किनाऱ्यावर गेले. वाळू पांढरी. त्याच क्षणी मनात आलं, डोंगर इतका काळा असताना ही पांढरी वाळू आली कुठून? ती डोंगराची नाहीच. ती प्रवाळाची, शिंपल्यांची. पोपटमासे चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडतात, चुरा होऊन तो त्यांच्या पोटातून बाहेर पडतो आणि लाटा तो किनाऱ्यावर आणून टाकतात. पाण्यात डोकं घातलं की त्यांचं कुरतडणं चक्क ऐकू येतं! दूरवर पांढऱ्या फेसाची रेघ दिसते, तिथे प्रवाळाची भिंत आहे. अलीकडचं पाणी निवांत, फिकट निळं. पलीकडे एकदम गर्द.

1835 च्या नोव्हेंबरात डार्विन ताहितीच्या उतारावर चढून याच बेटाकडे बघत होता. त्याला ते चौकटीतल्या चित्रासारखं वाटलं: फुटणाऱ्या लाटांची चौकट, मधल्या संथ पाण्याचा कोरा कागद आणि त्यावर रेखलेलं बेट. पण तो चित्रावर थांबला नाही. त्याने मांडलं की डोंगर हळूहळू खचतो आणि प्रवाळ उथळ पाण्यातच राहावं म्हणून वर वर बांधत जातात. आधी भिंत किनाऱ्याला चिकटलेली असते, मग दोघांत पाणी शिरतं, शेवटी डोंगर पूर्ण बुडतो आणि नुसतं कडं उरतं. हे सगळं त्याने 1842 मध्ये छापलं. 1952 मध्ये पॅसिफिकमधल्या एनिवेटोक कंकणद्वीपावर खोल भोकं पाडली, तेव्हा हजार मीटरहून जास्त प्रवाळखडकाच्या खाली बसाल्ट लागला, म्हणजे बुडालेला डोंगरच.

मला लक्षद्वीप आठवलं. तीही अशी कडीच. ज्या तप्तस्थळाशी, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून लाव्हा वर येणाऱ्या जागेशी, आपल्या दख्खनच्या लाव्ह्याचा संबंध जोडतात, त्याच्याच वाटेवर ती बेटं येतात, असं भूशास्त्रज्ञ मानतात. तिथला डोंगर केव्हाच पाण्याखाली गेला. इथला अजून उभा आहे.

मंगळवार, संध्याकाळ

सकाळी ओपुनोहूच्या खोऱ्यातून बेल्वेदेर या उंचावरच्या ठिकाणी गेले. वाटेत लाल मातीच्या उतारांवर अननसाची शेतं, झाडीत जुन्या देवस्थानांचे दगडी चौथरे. वरून रोतुई मधोमध आणि दोन्ही बाजूंना दोन उपसागर. एकाला इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकचं नाव आहे, पण 1777 मध्ये त्याने नांगर टाकला तो दुसऱ्यात, ओपुनोहूत. जेवायला लिंबू आणि नारळाच्या दुधातला कच्चा मासा, सोबत भाजलेला नीरफणस. कोकणातल्या कापांची चव जिभेवर आली.

दुपारी रानात शिरले ती मात्र एका गोष्टीसाठी. पार्टुला. नखाएवढ्या गोगलगायी, झाडांवर राहणाऱ्या, अंडी न घालता पिल्लं देणाऱ्या. एकट्या मूरेआवर त्यांच्या सात जाती होत्या, आणि जवळजवळ प्रत्येक खोऱ्यात शंखाचे रंग, पट्टे वेगळे. उत्क्रांती अभ्यासणाऱ्यांनी त्यांच्यामागे आयुष्यं घातली. मग आफ्रिकी गोगलगाय आली, पिकं खाऊ लागली. तिला मारायला 1977 मध्ये फ्लोरिडाकडची शिकारी गोगलगाय, युग्लँडिना, इथे सोडली. तिने पार्टुला खाल्ल्या. दहा वर्षांत त्या रानात शोधूनही सापडेनाशा झाल्या. काही अभ्यासकांनी आधीच उचलून नेलेल्या थोड्याच वाचल्या, आणि त्यांची पिल्लावळ लंडनसह अनेक प्राणिसंग्रहालयांत प्लास्टिकच्या डब्यांत वाढली.

2015 पासून त्या या बेटांवर पुन्हा सोडल्या जात आहेत. शंखावर रंगाचा ठिपका असतो, म्हणजे रानात जन्मलेली वेगळी ओळखता येते. तोहिवेआचं नाव मिरवणाऱ्या पार्टुला तोहिवेआनाची बिनठिपक्याची, पूर्ण वाढलेली गोगलगाय अलीकडेच इथे सापडली. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. आज मला एकही दिसली नाही. पानं उलटून बघायची इच्छा आवरली, उगाच धक्का नको.

मला हा डोंगर आता सुळक्यांपेक्षा या बारक्या जिवांमुळे जास्त आवडतो. पायथ्याची वाळू, संथ पाणी, वादळाला अडवणारी भिंत, सगळं प्रवाळांनी केलेलं. आणि एका चुकीच्या इलाजाने दहा वर्षांत काय गेलं, तेही इथेच दिसतं.

साडेचारला घरी फोन लावला. तिकडे बुधवारची सकाळ उजाडलेली, भाऊ लातूरजवळच्या आमच्या शेतात होता. "ताई, औंदाबी गोगलगायी लय हायती," म्हणाला. 2022 च्या पावसाळ्यात त्यांनी लातूर-बीडकडचं उगवतं सोयाबीन खाल्लं होतं, ते तो विसरलेला नाही. मी त्याला इथली हकीकत सांगितली. त्याने लगेच विचारलं, "मग ती शिकारी गोगलगाय आपल्याकडं आणली तर?" मी म्हटलं, अजिबात नको, कुणी सुचवलं तरी नको. ती आपली गोगलगाय कोणती आणि पिकावरची कोणती, हे बघून खाणार नाही. आपल्या रानातल्या किती गोगलगायींना अजून कुणी नावही दिलेलं नसेल.

त्याने बांधाला ओली गोणपाटं अंथरली आहेत. रात्री गोगलगायी त्याखाली जमतात, पहाटे वेचून मिठाच्या पाण्यात टाकायच्या. कंबर मोडते, पण सोयाबीन वाचतंय. शेजारच्यांनाही सोबत घे म्हटलं, एकट्याच्या बांधावर वेचून भागत नाही. आज रात्री बोलतो म्हणाला त्यांच्याशी.