मुंगसाचे तीन ओ

सकाळी गडग्यावरून मुंगूस गेलं. मधेच थांबून मागं बघितलंन् आणि काजूच्या पाल्यात शिरलं. 'मुंगसा मुंगसा, तोंड दाखव, रामाची शपथ' हे आपोआप तोंडात आलं आणि तिथेच काळजात चर्र झालं. एम, ओ, एन, जी, ओ, ओ, एस. काल रात्री स्क्रॅबल खेळताना, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या टाइल पटावर लावून शब्द करायच्या खेळात, माझ्या रॅकवर, टाइल मांडायच्या पट्टीवर, हीच सात अक्षरं होती. पटावर एक ई मोकळा होता, त्याच्या डावीकडे सात घरं रिकामी. आणि मी काय लावलं? त्या ई-ला धरून गूस. जी, ओ, ओ, एस, ई. सहा गुण.

हातात उरलं काय, तर एम, ओ, एन. त्याच क्रमानं.

मुंगूस म्हणजे इंग्रजीत मॉंगूस, पटावरच्या ई-सकट त्याच्या अक्षरांचे गुण अकरा, सातही टाइल एकदम लावल्याचे पन्नास, म्हणजे एकसष्ट. रंगीत घरांचे जादा गुण आणखी वेगळे. बरं, गेलं ते गेलं, तर पुढच्या खेळीला 'मॉन' नुसता गूसच्या पुढ्यात सरकवला असता तरी अकरा होते. तेव्हा एम मी कुठे घालवला ते इथे लिहीतसुद्धा नाही. समोर खेळणारे काका काही बोलले नाहीत. त्यांना दिसलंच नसेल. किंवा दिसलं असेल आणि... जाऊ दे.

माहिती नव्हती म्हणावं, तर तसंही नाही. टाइल सारख्या हलवत राहायच्या, पहिल्यांदा मांडल्या तशाच ठेवल्या की डोळा तोच क्रम वाचत बसतो. शेवटाला लागणारे आयएनजी, ईडी, ईआर उजवीकडे काढून बघायचे, आरई आणि यूएन डावीकडे. एस जपायचा, अख्ख्या शंभर टाइलमध्ये तो चारच. आणि सातांत काही जुळेना तर पटावरचं एकेक मोकळं अक्षर आठवं धरून पुन्हा सगळी फिरवाफिरव करायची. ही शेवटची पायरी मी गाळली. कारण? तीन ओ बघून घाबरले. सेटमध्ये ओ आठ असतात, त्यातले तीन एकटीच्या पदरात. एकच अक्षर तीनदा आलं की त्यातली दोन आधी खपवा, हे इतकं डोक्यात बसलंय की खपवायच्या नादात तिन्ही ओ लागणारा शब्द आहे का, हे बघितलंच नाही.

पण बोचतंय ते निराळंच. तो शब्द अनोळखी असता तर काही वाटलं नसतं. सी-डब्ल्यू-एम हा स्वर नसलेला शब्द मला पाठ आहे. यू-शिवायचे क्यू पाठ आहेत: क्यू-आय, क्यू-ए-टी, एफ-ए-क्यू-आय-आर. हा शेवटचा तर आपला फकीर. व्हीचा एकही दोन अक्षरी शब्द नाही, म्हणून व्ही शेवटपर्यंत हातात ठेवायचा नाही, हेही पाठ. कॉलिन्स शब्दकोशाच्या ह्या खेळासाठीच्या 2019च्या यादीतले 127 दोन अक्षरी शब्द झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. आणि परड्यात रोज दिसणारं जनावर दिसलं नाही.

दुपारी पडवीत बसून वाटलं, हा बाराखडीचा दोष. आपल्या शब्दकोड्यात रत्नागिरी चार घरांत बसते, इंग्रजीत तिला नऊ लागतात. आपला डोळा नाद शोधतो. 'गू' म्हटलं की गू, तिथे दोन ओ शेजारी बसलेत हे आधी सुचतच नाही. 'मुं'साठी एम-ओ-एन तर त्याहून नाही. म्हणूनच केएन, जीएन, पीएस असे मुके आरंभ आपल्याला सापडत नाहीत. 'नी' म्हणजे गुडघा शोधताना हात एनकडे जातो, केकडे नाही. हे सगळं खरं आहे. तरी एवढं मोठं कारण शोधलं की आपली चूक लहान होते, तेही कळतं.

संध्याकाळी भाची सोनूने फोनवरच्या शब्द शोधणाऱ्या अ‍ॅपमध्ये ती अक्षरं टाकून बघितली, आणि त्यालाही मॉंगूस आलं नाही! मला केवढा आनंद. मग बघितलं तर तिने ओ एकदाच टाकला होता. अशा शोधात अक्षर जितक्यांदा हवं तितक्यांदा लिहावं लागतं. दुसऱ्यांदा तिने 'ही अक्षरं असलेले शब्द' निवडलं, मग त्यात नसलेली अक्षरं घेऊन कुठलेकुठले लांबलचक शब्द आले. आपल्याला 'एवढ्याच अक्षरांतून बनणारे' हवे असतात. शेवटी तीन ओ आणि ई-च्या जागी प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह म्हणजे कोरी टाइल, कुठलंही एक अक्षर. तारा (*) टाकला तर मधे कितीही अक्षरं चालतात. लगेच आलं. सोनू म्हणाली, "आत्या, ह्यात काय कठीण होतं?"

म्हटलं शब्दकोश तरी बघावा. तिथे शब्दाचं मूळ दिलंय: मराठी. मुंगूस इथूनच गेलं, आणि तिकडे त्याला शेपटीसारखा गूस लागला. गूस पक्षी, त्याचा मुंगसाशी काडीचा संबंध नाही. म्हणून एका गूसचे अनेक गीस झाले तरी मुंगसाचं सहसा तसं होत नाही, मॉंगूसेस म्हणतात. म्हणजे मी पट्ठीने मराठी मुंगूस मधोमध तोडलं आणि त्यातला नेमका परका अर्धा पटावर मांडला. हे लक्षात आल्यावर मात्र हसू आलं. एकटीच हसत होते, सोनूने वर बघितलंन्.

रात्री टाइल पिशवीत भरताना पुन्हा ती सात वेगळी काढली. बाहेर पागोळ्या चालूच. जी उचलून बाजूला ठेवला, त्या जागी आणखी एक एन ठेवला. एम, ओ, एन, एस, ओ, ओ, एन. मान्सून. ह्याला ई-ची गरजसुद्धा नाही.

पिशवीत एन सहा असतात. काका उद्या येणार आहेत.